काँक्रीटच्या रस्त्याचं भाकीत आणि त्याचा हिशेब

काँक्रीटचा रस्ता मंजूर होताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एकदा केला की तीस वर्षं बघायला नको." यातला पहिला अर्धा भाग खोटाच असतो असं नाही. नीट केलेला काँक्रीटचा रस्ता तीस काय, चाळीस वर्षंही निघतो. घोळ आहे तो 'बघायला नको' यात. बघायचंच नाही असं ठरलं, तर तीस वर्षांचा अंदाज बरोबर होता की चूक, हे कळणार कधी? दहाव्या वर्षी सांध्यांवर गाडी धडधडू लागते. पंधराव्या वर्षी फुटकी पॅनेलं (दोन सांध्यांमधले काँक्रीटचे तुकडे) काढून नवी ओतली जातात, किंवा सरळ वर डांबराचा थर चढतो. मूळ अंदाज कुठल्या कागदावर होता आणि त्यात काय काय धरलं होतं, हे तोवर कोणी विचारत नाही. पुढच्या प्रस्तावात पुन्हा तीसच लिहिलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. रस्त्याच्या आयुष्याच्या अंदाजावर सार्वजनिक पैसा खर्च होणार असेल, तर तो अंदाज कशावर बेतला आहे ते आधी जाहीर व्हावं. रस्ता त्याप्रमाणे वागतोय की नाही याची मोजणी ठरावीक काळाने व्हावी आणि तीही लोकांसमोर यावी. अंदाज चुकला म्हणून कुणाला सुळावर चढवायचं कारण नाही. पण चुकला हेच कळलं नाही, तर पुढचा सुधारणार कसा?

काँक्रीटच्या रस्त्याचं आयुष्य सांगण्याची खोड तशी जुनी. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बेलफाँटेन नावाचं गाव आहे. १८९१ मध्ये जॉर्ज बार्थोलोम्यू यांनी तिथे काँक्रीटच्या रस्त्याचा पहिला पट्टा टाकला. लोकांचा विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी रस्ता पाच वर्षं टिकेल अशी हमी दिली आणि त्यासाठी ५,००० डॉलरचा बाँड लिहून दिला. तिथल्या जुन्या काँक्रीटचा काही भाग शंभर वर्षं उलटल्यावरही जागेवर होता. ही गोष्ट काँक्रीटच्या बाजूने बोलताना नेहमी सांगितली जाते, आणि नेहमीच अर्धी सांगितली जाते. शंभर वर्षं टिकलेला रस्ता आपल्याला दिसतो. त्याच काळातले जे रस्ते फुटले ते कधीच उखडले गेले, ते बघायला मिळत नाहीत. शिवाय तो रस्ता झाला तेव्हा त्यावर घोडागाड्या धावत होत्या. मला या गोष्टीतला बाँड जास्त महत्त्वाचा वाटतो. बार्थोलोम्यूंनी पाचच वर्षं सांगितली, पण पदरचे पैसे अडकवून सांगितली. तीस वर्षं सांगणाऱ्याचं आज काय अडकलेलं असतं?

अंदाज बांधतात कसा, ते आधी पाहू. काँक्रीटचं पॅनेल हे खालच्या थरांच्या मानाने फार ताठ असतं. चाकाचा भार ते मोठ्या क्षेत्रावर पसरवतं आणि स्वतः किंचित वाकतं. हॅराल्ड वेस्टरगार्ड या डॅनिश वंशाच्या अभियंत्याने १९२६ मध्ये पॅनेलच्या मध्यावर, कडेवर आणि कोपऱ्यावर चाक आलं तर किती ताण येतो याची सूत्रं मांडली. आजची सगळी पद्धत, संगणकावरची सुद्धा, त्याच विचाराच्या पायावर उभी आहे. एका फेरीत काँक्रीट तुटत नाही. पण वाकणं हजारो, लाखो वेळा झालं की ते थकतं आणि एक दिवस तडा जातो. म्हणून प्रत्येक वजनाच्या ॲक्सलमुळे (दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसामुळे) किती ताण येतो आणि त्या ताणाला काँक्रीट किती फेऱ्या सोसेल हे काढायचं, प्रत्यक्षात होणाऱ्या फेऱ्यांना त्या आकड्याने भागायचं, आणि सगळ्या अपूर्णांकांची बेरीज करायची. बेरीज एक झाली की कागदावर रस्त्याचं आयुष्य संपलं.

हे ऐकायला नेटकं वाटतं, पण त्यात एक मेख आहे. आलेला ताण भागिले काँक्रीटची वाकण्यातली ताकद, या गुणोत्तरावर सगळं अवलंबून असतं, आणि ते गुणोत्तर जरासं हललं तरी फेऱ्यांचा आकडा कोसळतो. अमेरिकेच्या पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या १९८४ च्या पद्धतीतलं सूत्र घ्या. गुणोत्तर ०.५५ असेल तर काँक्रीट सुमारे सव्वा लाख फेऱ्या सोसतं. ०.६० झालं तर सुमारे ३१ हजार, आणि ०.६५ ला साडेसात हजारांच्या थोडं वर. म्हणजे ०.०५ ने गुणोत्तर वाढलं की आयुष्य चौथ्या हिश्श्यावर. उलट ०.४५ च्या खाली ती पद्धत फेऱ्यांना मर्यादाच मानत नाही.

आता हे गुणोत्तर ०.५५ वरून ०.६० वर जायला काय लागतं? पॅनेलची जाडी कागदावर ३०० मिलिमीटर होती आणि जागेवर २८५ भरली, एवढंच पुरतं. ताण साधारण जाडीच्या वर्गाच्या आसपास उलट प्रमाणात बदलतो, त्यामुळे पाच टक्के जाडी गेली की ताण आठ-नऊ टक्क्यांनी वाढतो. त्यातच काँक्रीटची ताकद पाच टक्के कमी भरली, तर गुणोत्तर ०.६३ च्या घरात जातं, आणि सव्वा लाखांचे साडेतेरा हजारांच्या आसपास होतात. दीड सेंटिमीटर आणि पाच टक्के. कामाच्या जागी याला कोणी चोरी म्हणणार नाही, 'उन्नीस-बीस' म्हणून सोडून देतील. पण भाकितात त्याची किंमत नऊपट आहे. म्हणूनच 'हा रस्ता तीस वर्षं टिकेल' असा एकच आकडा सांगणाऱ्याकडे मी संशयाने पाहतो. त्याला गणित येत नसेल असं नाही. पण याच गणितातून एकच आकडा निघत नाही, आकड्यांचा भलामोठा पट्टा निघतो, आणि तो पट्टा त्याने लपवलेला असतो.

वाहतुकीचंही तसंच. रस्त्यावरून दिवसाला किती ट्रक जातात याची सरासरी भाकिताला फारशी कामाची नसते. थकव्याचा नियम इतका तीव्र आहे की हलके ट्रक कितीही गेले तरी काँक्रीटला त्याचं सोयरसुतक नसतं. जवळपास सगळं नुकसान मोजके अतिभारी ॲक्सल करतात. तेव्हा अंदाज बरोबर यायचा असेल तर ट्रक मोजून चालत नाही, ॲक्सल तोलावे लागतात. चालत्या गाडीचं वजन घेणारी यंत्रं आता नवी राहिलेली नाहीत. तरी कितीतरी प्रकल्पांत कुठल्या वजनाचे किती ॲक्सल येतील हे दुसऱ्याच कुठल्यातरी रस्त्यावरून उचललेलं असतं, आणि अतिभार हा प्रकार जणू कागदाला माहीतच नसतो.

मग या सूत्रांची प्रत्यक्षाशी गाठ कधी पडली? सगळ्यात मोठी परीक्षा अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ झाली. आशो रोड टेस्ट या नावाने ती ओळखली जाते. मुद्दाम बांधलेल्या, फिरून त्याच जागी येणाऱ्या रस्त्यांवर १९५८ च्या ऑक्टोबरपासून १९६० च्या नोव्हेंबरपर्यंत लष्कराच्या जवानांनी ट्रक चालवले, आणि ॲक्सलच्या सुमारे ११ लाख १४ हजार फेऱ्या भरल्या. भार दुप्पट झाला की नुकसान साधारण सोळापट होतं, हा प्रसिद्ध 'चौथ्या घाताचा नियम' तिथूनच आला. रस्ता किती चांगला हे शून्य ते पाच या मापावर सांगायची पद्धतही तिथलीच, आणि तिच्यामागे गाडीतून प्रवास करून गुण देणारी माणसं होती. नंतरची कित्येक दशकं जगभरच्या अभियंत्यांनी या एका चाचणीवर रस्ते आखले.

त्या चाचणीबद्दल आदर बाळगूनच सांगतो, की तिच्याकडून फार जास्त काम करून घेतलं गेलं. एकच माती, एकच हवामान, दोन वर्षं. काँक्रीटला म्हातारं व्हायला वेळच मिळाला नाही. सव्वाअकरा लाखांच्या आतल्या फेऱ्यांवरून पुढे पाच-पाच, दहा-दहा कोटी फेऱ्यांचे अंदाज काढले गेले. दोन पावलं मोजून दहा कोस सांगितल्यासारखं. आणि खुद्द त्या चाचणीत काँक्रीटचे जे पट्टे निकामी झाले, त्यांत खालचं बारीक साहित्य पाण्याबरोबर बाहेर फेकलं जाणं, ज्याला पंपिंग म्हणतात, हे मोठं कारण होतं. भाराइतकाच पाण्याने दगा दिला. पण सूत्रात राहिला भार, आणि पाण्याच्या वाट्याला एक गुणक आला.

ही पंपिंगची भानगड जवळून पाहण्यासारखी आहे, कारण रस्ता म्हातारा कसा होतो ते तिथे दिसतं. दोन पॅनेलांमधला सांधा डोळ्यांसमोर आणा. सांधा बुजवणारं सीलंट फाटलेलं आहे, पावसाचं पाणी आत उतरून पॅनेलखाली साचलंय. भारी ट्रकचं चाक सांध्याकडे येतं तेव्हा मागचं पॅनेल हळूहळू दबतं आणि खालचं पाणी पुढच्या पॅनेलखाली सरकतं. चाक सांधा ओलांडतं त्या क्षणी मागचं पॅनेल वर उसळतं, पुढचं एकदम खाली बसतं, आणि पाणी जोरात उलट फेकलं जातं. जाताना ते पुढच्या पॅनेलखालची माती नि बारीक खडी घेऊन जातं आणि थोडी मागच्या पॅनेलखाली टाकतं. हे हजारो वेळा झालं की पुढच्या पॅनेलखाली पोकळी, मागच्याखाली भर. मग सांध्यावर पायरी तयार होते. तीन-चार मिलिमीटरची पायरी झाली तरी चाकाला कळते, आणि त्या पायरीवरून पडणारं प्रत्येक चाक पुढच्या पॅनेलला हातोडा घालत राहतं. पोकळीवर अधांतरी राहिलेला कोपरा मग एक दिवस तुटतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, काँक्रीट कच्चं होतं. काँक्रीट पक्कंच होतं, त्याच्या पायाखालची जमीन गेली होती.

हे रोखायला सांध्यात डॉवेल बार असतात. गुळगुळीत गोल सळया, एका पॅनेलवरचा भार दुसऱ्याकडे पोचवणाऱ्या. त्या रस्त्याला समांतर आणि आडव्या पातळीत असाव्या लागतात, कारण उन्हा-थंडीत पॅनेल त्यांच्यावरून सरकायचं असतं. सळई तिरकी बसली की सांधा जखडतो, आणि मग काँक्रीट आपल्या मर्जीने दुसरीकडे कुठेतरी फाटतं. सळई नीट बसली की नाही हे रस्ता झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. पण चुंबकीय स्कॅनरने ते काँक्रीट न फोडता तपासता येतं. भाकिताच्या सूत्रात सळईचा व्यास असतो. ती तिरकी बसली असेल ही शक्यता त्यात नसते.

पहिल्या चोवीस तासांचंही असंच. सांध्याचे काप करवतीने घालतात. घाई केली तर कापाच्या कडा भुरभुरतात, उशीर झाला तर काँक्रीट स्वतःच वेडावाकडा तडा काढून मोकळं होतं. क्युरिंगमध्ये, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवण्यात, कुचराई झाली तर वरचा थर आधी सुकून आक्रसतो. आणि एक गोष्ट तर फार थोड्यांना ठाऊक असते. भर उन्हात ओतलेलं काँक्रीट घट्ट होताना त्याचा वरचा भाग गरम आणि खालचा त्या मानाने गार असतो. तो फरक असतानाच ते सपाट आकारात गोठतं. पुढे दोन्ही भाग एका तापमानाला आले की वरचा भाग आक्रसतो आणि कोपरे कायमचे थोडे उचललेले राहतात. रात्री ते आणखी उचलतात. अशा वेळी एकाच पॅनेलच्या दोन्ही टोकांना ॲक्सल आले तर ताण वरच्या बाजूने येतो आणि तडा वरून खाली जातो. वीस वर्षांनी दिसणाऱ्या या तड्याचं बी कामाच्या पहिल्या दुपारी पेरलेलं असू शकतं. अमेरिकी पद्धतीत यासाठी एक ठरावीक तापमान-फरक धरतात. प्रत्यक्षात तो प्रत्येक कामाला, अगदी प्रत्येक पाळीला वेगळा निघतो.

काही रोग तर भाकिताच्या बाहेरचेच. खडीतल्या काही प्रकारच्या सिलिकाची आणि सिमेंटमधल्या अल्कलीची प्रक्रिया होऊन काँक्रीट आतून फुगतं, हे थॉमस स्टँटन यांनी कॅलिफोर्नियात १९४० मध्ये दाखवून दिलं. याची लक्षणं दिसायला कित्येक वर्षं लागतात. थकव्याची बेरीज कितीही काटेकोर केली तरी हा रोग तिच्यात येत नाही. तो खडी निवडतानाच टाळायचा असतो.

इतकं सगळं बेभरवशाचं असेल तर अंदाज बांधूच नये का? तसं मी म्हणत नाही. अंदाजाशिवाय जाडी ठरणार नाही आणि पैशाची तरतूदही होणार नाही. प्रश्न आहे तो अंदाज सतत प्रत्यक्षावर घासून घेण्याचा, आणि ते होऊ शकतं याचा दाखला डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेत १९८७ मध्ये 'लाँग टर्म पेव्हमेंट परफॉर्मन्स' हा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिका आणि कॅनडातले रस्त्यांचे सुमारे अडीच हजार तुकडे त्यात निवडले गेले. रोजच्या वाहतुकीखालचे हे रस्ते. त्यांच्यावरचे तडे, सांध्यांवरच्या पायऱ्या, रस्त्याचा खडबडीतपणा, वाहतूक, हवामान, सगळं वर्षानुवर्षं मोजलं गेलं आणि ती माहिती कुणालाही पाहता येईल अशी ठेवली गेली. २००४ मध्ये तिथे जी नवी आखणी-पद्धत पुढे आली, तिची भाकितं याच माहितीवर जुळवली होती. ती पद्धत 'आयुष्य तीस वर्षं' एवढ्यावर थांबत नाही. कितव्या वर्षी शेकडा किती पॅनेलांना आडवा तडा असेल, सांध्यावर सरासरी किती पायरी असेल, खडबडीतपणा किती असेल, हे ती वेगवेगळं सांगते. आणि तीच पद्धत सांगते की आपल्या भागातल्या रस्त्यांवर मला पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर माझं ऐकू नका. पुष्कळ ठिकाणी पद्धत उचलतात आणि ही सूचना तिथेच ठेवतात.

हल्ली यावर उपाय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव घेतलं जातं. मला त्याचं वावडं नाही. त्या २००४ च्या पद्धतीतही ताण झटपट काढायला न्यूरल नेटवर्क वापरलेलीच आहेत. पण ज्या रस्त्याची मोजणीच झालेली नाही त्याच्याबद्दल यंत्र शिकणार कशावरून? मोजणीचं काम टाळून शहाणपण विकत आणता येईल, ही समजूत मात्र जोरात आहे.

तेव्हा रस्ता मंजूर करतानाच काही गोष्टी कागदावर उघड हव्यात. 'निकामी' कशाला म्हणायचं? शेकडा दहा पॅनेलांना तडा गेल्यावर, की वीस पॅनेलांना? भरवसा किती? नव्वद टक्के भरवसा म्हणजे अशा दहा रस्त्यांपैकी एखादा मुदतीआधी जाणार, हे आखणाऱ्यानेच मान्य केलेलं असतं. मग ते लोकांना सांगायला लाज कसली? अतिभारी ॲक्सल किती धरले, सांधे दर किती वर्षांनी पुन्हा भरायचे आणि त्याचा खर्च कुठून येणार? हे शेवटचं कलम मी मुद्दाम घालतो. 'देखभाल लागत नाही' असं गृहीत धरून केलेलं भाकीत आणि सांधे भरले जातील असं धरून केलेलं भाकीत, ही दोन वेगळी भाकितं आहेत. जाहिरात पहिल्याची होते आणि गणित दुसऱ्याचं केलेलं असतं.

यावर आक्षेप येतात, आणि सगळेच टाकाऊ नसतात. ठेकेदाराच्या दोष-दायित्वाच्या मुदतीत (ज्या काळात कामातले दोष त्यालाच दुरुस्त करावे लागतात) हे सगळं येतंच, असं काहीजण म्हणतात. येत नाही. ती मुदत काही वर्षांची असते आणि थकव्याचा तडा त्यानंतरच दिसायचा असतो. जाडी कमी भरलेला रस्ता मुदतीचा शेवटचा दिवस आरामात ओलांडतो. मोजणीला पैसे लागतात हा दुसरा आक्षेप खरा आहे, पण दर किलोमीटरची रोज मोजणी कोणी मागत नाही. प्रत्येक प्रकल्पात चार-दोन तुकडे कायमचे नक्की करावेत, वर्षातून एकदा तडे आणि पायऱ्या मोजाव्यात, काही वर्षांनी वजन पाडणाऱ्या यंत्राने सांधे भार पोचवतायत का ते तपासावं. रस्त्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तिसरा आक्षेप अभियंते खासगीत सांगतात, आणि तो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो: आकडे बाहेर आले की सातव्या वर्षीच्या चार तड्यांवरून गदारोळ होईल. होईलही. पण सातव्या वर्षी शेकडा दोन पॅनेलांना तडे जातील असं आधीच छापलेलं असेल, आणि दोनच गेले असतील, तर गदारोळ करणाऱ्याला दाखवायला अभियंत्याच्या हातात काहीतरी असेल. आज 'बघायला नको' या आश्वासनापुढे एक तडाही त्याला खोटा पाडतो.

राहता राहिला कागदांचा प्रश्न, आणि मोजणीचं गाडं बहुधा इथेच रुततं. तीस वर्षांत अधिकारी बदलतात, कंत्राटदार कंपन्या बुडतात, संगणकावरच्या जुन्या फाइली उघडत नाहीत. बाविसाव्या वर्षी तडा गेला तर रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्याची, म्हणजे कोरची, जाडी, डॉवेलचं स्कॅन, ओतकामाची तारीख नि त्या दिवशीचं तापमान, खडी कुठल्या खाणीतली, यातलं काहीही हाती लागत नाही. म्हणून कामाचं शेवटचं बिल निघण्याआधी ही सगळी नोंद, पॅनेलच्या क्रमांकासह आणि कुठल्याही संगणकावर उघडेल अशा साध्या तक्त्यात, जमा झालेली असावी. तिची एक प्रत रस्ता सांभाळणाऱ्या खात्याच्या बाहेर, सार्वजनिक ग्रंथालयात किंवा विद्यापीठात राहावी आणि मागेल त्याला मिळावी. नोंद नाही तर बिल नाही, एवढी एक अट निविदेत घालायला कुठलंही नवं संशोधन लागत नाही.